पहिलं प्रकरण, सहाव्यांदा

होळीच्या आदल्या मंगळवारी सकाळी माझ्या पत्नीने एका पुस्तकाचं पहिलं प्रकरण सहाव्यांदा ध्वनिमुद्रित करायला घेतलं. पुस्तकात नऊ प्रकरणं आहेत. त्या दिवसापर्यंत दुसऱ्याच्या पुढचं एकही तयार नव्हतं. ज्या मुलीसाठी हे काम चाललं होतं, तिची परीक्षा एप्रिलच्या अखेरीला होती.

मुलगी पंचविशीची. जन्मापासून दृष्टी नाही. तिचं गाव चांदूर बाजार तालुक्यात आहे. ती अकोल्याला जुने शहर भागात मावशीकडे राहते आणि इतिहासात एम.ए. करते. बाकीचे पेपर सुटले होते. विदर्भाच्या सामाजिक इतिहासाचा एक पेपर आधीच्या उन्हाळी परीक्षेत राहिला आणि हिवाळीतही राहिला. या वेळी सुटला नाही तर तिने गावी परत यायचं, असं घरी ठरलं होतं. तिच्या वडिलांनी तसं माझ्या पत्नीला फोनवर सांगितलं. आवाज चढवला नाही. "औंदा झालं त झालं, मॅडम. नाई त मंग घरी येऊ द्या तिले. तिची मावशी बी थकली आता."

त्या पेपरासाठी लागणारं पुस्तक जिल्ह्यातल्याच एका प्राध्यापकाने पूर्वी लिहिलं होतं. ते आता छापलं जात नाही. आमच्याकडे होती ती महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या प्रतीची झेरॉक्स. काही पानांवर मूळ प्रतीतला शाईचा डागही झेरॉक्समध्ये उतरला होता.

पत्नी अमरावतीत मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. निवृत्तीनंतर तिने अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. मधल्या खोलीची खिडकी लावायची, पंखा बंद करायचा, दाराला सोलापुरी चादर टांगायची, कारण शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आत येत. घामाने निथळत ती तासभर वाचायची आणि बाहेर येऊन पाणी प्यायची. या मुलीच्या एम.ए.ची पहिली दोन पुस्तकं तिने अशीच वाचली. मग आवाज बसायला लागला. स्वरयंत्रावर गाठी आहेत, आयुष्यभर वर्गात बोलणाऱ्यांना होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मोठ्याने वाचायचं बंद. त्या दिवशी तिने घरी येऊन स्वयंपाक केला आणि जेवली नाही.

पुढच्या रविवारी पुण्याहून आमच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती तिथे सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने आईला एक ॲप दाखवलं. पानाचा फोटो काढायचा. ॲप त्यातला मजकूर वेगळा करतं आणि माणसासारख्या आवाजात वाचून दाखवतं.

"आई, तुझा आवाज थकला तर थकू दे," ती म्हणाली. "हा थकत नाही."

पत्नीने चष्मा काढून पुसला. ॲप उतरवून घेतलं. दोन-तीन दिवसांत पहिलं प्रकरण झालं. आवाज स्टेशनवरच्या सूचनेसारखा होता, पण शब्द स्पष्ट होते.

दोन रविवार गेले आणि मुलीने दुसरं ॲप सांगितलं. त्यातली बाई वाक्य संपल्यावर श्वास घ्यायची. तिच्यापुढे आधीचा आवाज पत्नीला रूक्ष वाटायला लागला. तिने पहिलं प्रकरण पुन्हा केलं. तिसऱ्या ॲपने डागाळलेली पानंही वाचली, म्हणून पहिलं प्रकरण तिसऱ्यांदा. या वेळी दुसरंही झालं. चौथ्यात प्रश्नचिन्हापाशी आवाज चढत होता. पाचव्यात तो थोडा वऱ्हाडाकडचा वाटत होता, असं पत्नीचं म्हणणं. मला तसं वाटलं नाही. दर वेळी झालेलं ती अकोल्याला पाठवायची आणि पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करायची, कारण अर्धं पुस्तक एका आवाजात आणि अर्धं दुसऱ्या आवाजात देणं तिला पटत नव्हतं. तिसरं प्रकरण घ्यायची वेळ आली की रविवार यायचा.

आमची मुलगी हे सगळं प्रेमाने सांगत होती. "आई, याहून भारी आलंय" या वाक्याने कॉल सुरू व्हायचा. पत्नी गॅससमोर फोन धरून उभी राहायची आणि नव्या ॲपची माहिती ऐकायची. त्या महिन्यात दोनदा वरणात मीठ नव्हतं. एकदा भाजीवालीने तब्येत विचारली, तेव्हा पत्नी तिला म्हणाली, "तब्येत बरी आहे बाई, मी मागे पडतेय." भाजीवालीला काय समजलं ते कळलं नाही. तिने कोथिंबिरीची काडी जास्त घातली.

मी अमरावतीच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो आणि वृत्तसंपादक म्हणून निवृत्त झालो. या कामात तोवर माझा सहभाग झेरॉक्स आणून देण्यापुरता होता.

होळीच्या थोडं आधी अकोल्याच्या मुलीचा निरोप आला. तिचा निरोप नेहमी आवाजातच असतो. "मॅडम, नुसता मजकूर पाठवला तरी चालते मले. आवाजाची काई गरज नाई." असाच निरोप तिने माघातही एकदा पाठवला होता.

पत्नीने तो दोनदा ऐकला. "किती समजूतदार पोर आहे," ती म्हणाली. "माझा त्रास वाचवतेय." पाहुण्याच्या ताटात नुसती भाकर वाढायची आणि कालवण द्यायचं नाही, तसं तिला ते वाटलं. मंगळवारी तिने सहावं ॲप उघडलं.

धुळवड झाल्यावर आम्ही अकोल्याला गेलो. सहा आवाजांतला कोणता बरा, हे मुलीला समोर बसून विचारायचं आणि मग त्याच आवाजात पुस्तक संपवायचं, असा पत्नीचा बेत होता. सहाही ध्वनिमुद्रणं तिने पेनड्राइव्हवर घेतली होती. मी झेरॉक्स पिशवीत टाकली. बडनेऱ्याहून गाडी पकडली. अकोल्याला उतरून ऑटो केला. ऊन चटका देत होतं. मोर्णा नदीच्या पुलावरून पलीकडे गेल्यावर ऑटोवाल्याने गल्लीच्या तोंडाशीच सोडलं, पुढे गाडी जात नाही म्हणाला.

मावशी शिवणकाम करते. मशीन दारातच आहे, उजेडासाठी.

"या व मॅडम," ती म्हणाली. "एवढ्या उन्हाच्या काहून निघाल्या? फोन करत जा नं. या भाऊ, बसा. मठ्ठा करतो, थंडा हाये."

मुलगी पलंगावर बसली होती. पत्नीच्या चपलांचा आवाज तिने ओळखला असावा, कारण कुणी सांगायच्या आत ती उठून उभी राहिली. पत्नीने मुलीच्याच जुन्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला आणि एकामागून एक सहा आवाज ऐकवले. प्रत्येकाची तीन-चार वाक्यं. मुलगी मान खाली घालून ऐकत होती.

"कोणता आवडला?"

"सगळेच चांगले हायेत, मॅडम."

"असं नाही. एक सांग."

मुलगी हसली. मावशीने मशीन थांबवलं.

"सांग नं व सरळ. मॅडम खाणार हाये का तुले?"

"मॅडम, राग नका मानू," मुलगी म्हणाली. "पहिला धडा मले पाठ झाला. सहा बायांनी सांगतला. तिसऱ्यात काय हाये ते अजून कोणीच सांगतलं नाई."

पत्नीने मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला.

"तुमाले दाखवू?" मुलगी म्हणाली आणि तिने फोन काढला. त्यावर दृष्टिहीनांसाठी असते ती वाचनाची सोय होती. पडद्यावर जे लिहिलं असेल ते फोन वाचतो. तिने त्या दिवशीची एखादी बातमी उघडली. टिनाच्या डब्यात ज्वारी ओतावी तसा आवाज सुरू झाला. पत्नीला एकही शब्द समजला नाही. मला 'जिल्हाधिकारी' एवढा एक समजला. नंतर त्याचीही खात्री वाटली नाही.

"हे काय आहे?"

"हे हळू हाये, मॅडम. तुमच्यासाठी हळू केलं."

मग तिने समजावून सांगितलं. तिचा फोन याच वेगाने वाचतो, म्हणून ती एका दिवसात दोन प्रकरणं संपवू शकते. हा आवाज सपाट आहे, त्याला भावना नाहीत, त्यामुळे तो कितीही पळवला तरी फाटत नाही. आम्ही पाठवलेले आवाज पळवले की फाटतात. मजकूर असला की ती एका शब्दावर थांबू शकते, मागची ओळ पुन्हा वाचू शकते, हवं ते नाव शोधू शकते, परीक्षेत लेखनिकाला ते नाव अक्षर-अक्षर सांगू शकते. आवाजाच्या फाइलीत यातलं काही होत नाही.

"तुमच्या बाया दम घेतात, मॅडम," ती म्हणाली. "मले दम घ्यायले टाइम नाई."

"मंग सांगतलं काहून नाई एवढे दिवस?" मावशी म्हणाली.

"सांगतलं नं. दोनदा सांगतलं."

"मला वाटलं, तू माझा त्रास वाचवतेस," पत्नी म्हणाली.

"नाई. मले मजकूरच पाहिजे होता." तिने फोन पलंगावर ठेवला. "पहिले तुमचा आवाज होता, तवाची गोष्ट येगळी. तो मी हळूच ऐकत होती."

मावशीने मशीन पुन्हा सुरू केलं आणि दोन टाके घालून पुन्हा थांबवलं.

वातावरण हलकं करायला असेल, मुलगी म्हणाली, "पाठ झाला का नाई ते तरी ऐका," आणि पहिलं प्रकरण सुरुवातीपासून म्हणायला लागली. वेग आमच्यासाठी सोसवेल असा होता. मी पिशवीतली झेरॉक्स काढून मांडीवर घेतली. कुणी मजकूर वाचत असलं की मूळ कागदावर बोट ठेवायचं, ही सवय नोकरीत लागली आणि गेली नाही. बोट ओळीमागून ओळ सरकत होतं. रिद्धपूरचा उल्लेख आला. मुलगी म्हणाली, "रिद्धपूरला येणाऱ्या यात्रेकरूंच्या सोयीसाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढून एक मोठी धर्मशाळा बांधली."

माझं बोट थांबलं. त्या जागी पानावर शाईचा डाग होता.

मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. तिने म्हटलं. डागावर आणि डागाखाली वाचता येण्यासारखं काही नव्हतं. आम्ही सहाही ध्वनिमुद्रणांत ती जागा शोधली. पहिल्या दोन वेळी ॲपने तिथे निरर्थक अक्षरं टाकली होती. पत्नीने ती काढून 'येथे शाईचा डाग आहे' असं स्वतः घातलं होतं. तिसऱ्यापासून ते वाक्य होतं. पाचव्यात धर्मशाळेला विहीरही होती.

पत्नीला ते आठवत होतं. नव्या ॲपला डागाखालचंही दिसतं, असं तिला वाटलं होतं, आणि तिने कौतुकाने ते आमच्या मुलीला फोनवर सांगितलंही होतं. ती मराठीची शिक्षिका आहे. चुकीचं मराठी तिच्या नजरेतून सुटत नाही. हे मराठी चुकीचं नव्हतं.

"म्हंजे हे खोटं हाये?" मुलीने मला विचारलं.

"खोटं आहे असं म्हणता येणार नाही. पुस्तकात नाही, एवढं नक्की."

"मी पेपरात लिहिलं असतं न, काका."

गल्लीतून एक हातगाडी गेली.

"वाक्य लय चांगलं होतं पण," मुलगी म्हणाली.

पत्नीने पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये ठेवला. निघताना तिने मुलीच्या गालावरून हात फिरवला, ती नेहमीच फिरवते. या वेळी हात थोडा जास्त वेळ राहिला.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर जाईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिने विचारलं, "अहो, तुमच्याकडे नवीन मशीन आलं की तुम्ही काय करायचात?"

मी नोकरीला लागलो तेव्हा मजकूर कागदाच्या लांब पट्ट्यांवर छापून यायचा. पट्ट्या कात्रीने कापून पानावर चिकटवायच्या. पुढे पान संगणकावर लागायला लागलं. मग ते सॉफ्टवेअर बदललं, फॉन्ट बदलले, पुन्हा सॉफ्टवेअर बदललं. प्रत्येक वेळी काही लोक घाबरले आणि काही लोकांना वाटलं की आता सगळं सोपं होईल. अंक मात्र रोज निघत होता. आमच्या तेव्हाच्या संपादकांनी एक शिस्त घातली होती. नवीन मशीन आलं की ते आधी रविवारच्या पुरवणीला लावायचं. पुरवणीत कविता, पाककृती, शब्दकोडं. तिथे काही बिघडलं तर लोक हसतात, नुकसान होत नाही. रोजचं पान मात्र हाताला ठाऊक असलेल्या साधनावरच लावायचं आणि वेळेवर छपाईला सोडायचं. पुरवणी काही काळ बिनतक्रार निघाली की मगच नवीन मशीन पहिल्या पानाला. तरुण उपसंपादक कुरकुरायचे. मीही कुरकुरलो असेन.

हे मी तिला सांगितलं. आणखी काही सांगितलं नाही.

बडनेरा आलं तेव्हा ती म्हणाली, "आवाज बंद. नुसता मजकूर. दोघांनी मिळून तपासायचा. जे प्रकरण झालं ते लगेच पाठवायचं."

"आणि ॲप कोणतं?"

"पहिलं."

रविवारच्या कॉलवर आमच्या मुलीला हे पटलं नाही. "आई, ते आता कुणी वापरत नाही गं. किती कचरा येतो त्यात."

"जिथे त्याला कळत नाही तिथे ते कचरा टाकतं," पत्नी म्हणाली. "कचरा दिसतो."

मग पत्नी म्हणाली, नवीन काही आलं तर जरूर सांगत जा, पण ते रविवारी दुपारी बघू, जेवणानंतर, आणि अकोल्याच्या मुलीच्या पुस्तकावर नाही.

"मला असं सांगता आलं असतं ऑफिसात तर," मुलगी म्हणाली. तिच्याकडे दर सोमवारी नवीन काहीतरी शिकून दाखवावं लागतं, जे शिकलं ते वापरायच्या आत बदलतं, आणि रात्री डोळे मिटले तरी पडदा दिसत राहतो, असं तिने सांगितलं. हे ती आम्हाला पहिल्यांदाच सांगत होती. पत्नीने विचारलं, "जेवतेस ना नीट?" ती म्हणाली, "हो." याची खात्री करण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता.

काम जेवणाच्या टेबलावर सुरू झालं. पत्नीला मोठ्याने वाचायची मनाई, म्हणून मी झेरॉक्सवरून वाचायचो आणि ती लॅपटॉपवरच्या मजकुरावर नजर ठेवायची. आमच्या छापखान्यात जुने मुद्रितशोधक वाचायचे तसं वाचायचं: स्वल्पविराम म्हणायचा, पूर्णविराम म्हणायचा, परिच्छेद म्हणायचा, सनाचा एकेक आकडा सुटा म्हणायचा. जुन्या छपाईत १ आणि ९ सारखे दिसतात. ॲपने त्यांची जागोजाग अदलाबदल केली होती. चूक सापडली की पत्नी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायची. मी थांबायचो. ती दुरुस्त करायची आणि मान हलवायची. मी पुढे.

पहिल्या दिवशी पेला सतत वाजत होता. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "रोज सकाळी कसली पूजा असते तुमच्याकडे?"

डागांच्या जागी आम्ही 'येथे वाचता येत नाही' असं लिहिलं. प्रकरण तपासून झालं की त्याच दिवशी पाठवायचं. मागाहून चूक लक्षात आली तर वेगळी दुरुस्ती पाठवायची. पाठवलेलं पुन्हा करायला घ्यायचं नाही. पत्नीला हे जड गेलं. तिसरं प्रकरण पाठवल्यानंतर तिला त्यात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दिसली आणि ती अख्खं प्रकरण पुन्हा बघायला बसली. मी पेल्यावर चमचा वाजवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

अकोल्याहून निरोप येत होते. "चौथं भेटलं, मॅडम. पाचवं कवा?" चौथं आदल्या संध्याकाळीच गेलेलं होतं.

रविवारी दुपारी पुरवणी निघायची. पत्नी मुलीने सांगितलेलं नवीन ॲप उघडायची आणि आपल्या जुन्या पाककृतींचे कागद त्याला वाचायला द्यायची. एका ॲपने सांबारवडीच्या कृतीत तूरडाळ आणि चिंच घातली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्याला माहीत नसावं. पत्नी आणि मुलगी फोनवर बराच वेळ हसत होत्या. पत्नीचा बसलेला आवाज हसताना जुन्यासारखा ऐकू येतो.

एप्रिलच्या सुरुवातीला सातवं प्रकरण चाललं होतं. एका पानावर मोठा डाग होता. पत्नीने ॲपमधून आलेला मजकूर पाहिला आणि मला थांबायला सांगितलं. मी अजून वाचायला सुरुवातही केली नव्हती.

"इथे कचरा का नाही आला?"

डागाच्या जागी दोन स्वच्छ, नीटस वाक्यं होती. रात्रीतून ॲपची नवी आवृत्ती आपोआप उतरली होती. पहिलं ॲपही आता इतरांसारखं झालं होतं.

ती थोडा वेळ टेबलावर हात ठेवून बसली. मी विचारलं, मुलीला फोन करायचा का. ती म्हणाली, "नको. ती लगेच नवीन काहीतरी शोधेल." उरलेली अडीच प्रकरणं हाताने टाइप करायची, असं तिने ठरवलं. शाळेत ती प्रश्नपत्रिका टाइप करायची, पण आता बोटं दुखतात. दिवसाला तीन-चार पानं होत होती. परीक्षेआधी हे संपणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं.

रामनवमीच्या सुमारास आमची मुलगी पुण्याहून आली. येणार असल्याचं आधी कळवलं नव्हतं. कारण विचारल्यावर "सुट्टी शिल्लक होती" म्हणाली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पहिल्या दिवशी ती जेवून दुपारी झोपली ती दिवेलागणीला उठली. किती दिवसांनी दुपारची झोपली, हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलाशी आली. आई टाइप करत होती, एका बोटाला पट्टी होती.

"सरक," ती म्हणाली.

"तुला मराठी टाइप येतं?"

"येईल."

पहिलं पान तिला अवघड गेलं. 'ज्ञ' कुठे आहे, 'ऱ्हा' कसा काढायचा, हे आई दाखवत होती. दुपारपर्यंत तिचा वेग माझ्या वाचण्याच्या पुढे गेला. मी सांगायचो, ती टाइप करायची, पत्नी तिच्या खांद्यावरून पाहायची आणि पेला वाजवायची. मधेच मुलगी ओरडायची, "आई, मी बघितलंय ते! वाजवू नको!" पत्नी तरी वाजवायची. मुलीचा ऑफिसचा लॅपटॉप तिच्या बॅगेत होता. ती घरी होती तोवर तो बाहेर आलेला मी पाहिला नाही.

एका दुपारी, आठवं प्रकरण संपल्यावर, ती खुर्चीत मागे रेलली. "बाबा," ती म्हणाली, "इथे निदान पान संपतं."

नववं प्रकरण संपलं तेव्हा तिची सुट्टी संपत आली होती. मजकूर तिनेच पाठवला. अकोल्याहून निरोप आला: "भेटलं. सगळं भेटलं. आता कोणी काई पाठवू नका, मले वाचू द्या." मुलीने तो स्पीकरवर तीनदा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बडनेऱ्याला गाडीत बसवून दिलं. आईने सांबारवडी दिली होती, तूरडाळ नसलेली.

पेपर झाला त्या दुपारी अकोल्याच्या मुलीचा फोन आला. तो मी उचलला, पत्नी शेजारी होती.

"काका, रिद्धपूर आलं होतं."

"काय लिहिलंस?"

"पुस्तकात होतं तेवढंच सांगतलं लेखनिकाले. धर्मशाळा नाई बांधली." मग तिने सांगितलं, "विहीर बी नाई."

पत्नीने तोंडावर पदर धरला. हसत होती की रडत होती हे मला बाजूने नीट दिसलं नाही.

निकाल पावसाळ्यात लागला. अकोल्याची मुलगी त्या पेपरात पास झाली आणि एम.ए. झाली. संध्याकाळी तिच्या वडिलांनी पत्नीला फोन केला. "झाली बा पास," ते म्हणाले. "आता राहू द्या तिले तिथंच. मावशी म्हणते, मले बी करमत नाई तिच्याबिना."

आमच्या मुलीने पुण्यात टीमच्या बैठकीत रविवारच्या पुरवणीची पद्धत सुचवली, असं तिने सांगितलं. नवीन साधन आलं की ते शुक्रवारी दुपारी, बिनमहत्त्वाच्या कामावर वापरून बघायचं. तिच्या वरिष्ठांनी विचार करू म्हटलं आहे. ती स्वतः मात्र तसं करते. परवाच्या कॉलवर ती चहा पीत होती आणि तिने कुठल्याही ॲपचं नाव काढलं नाही.

अकोल्याची मुलगी जुने शहर भागात मावशीकडेच आहे आणि प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची तयारी करते. त्यासाठी लागणाऱ्या एका पुस्तकाची झेरॉक्स तिने मावशीकडून पोस्टाने पाठवली. गेल्या शनिवारी त्याचं पहिलं प्रकरण तपासून तिला पाठवलं. मिळाल्याचा निरोप आला आहे. त्यात तिने दुसरं कधी येणार, हे विचारलं आहे.